पॉवर हाऊसवाले इंगोले सर

इंगोले सरांना दळण आणायला पाठवणं त्यांच्या बायकोनं लग्नानंतर लवकरच सोडून दिलं होतं. सर गिरणीत जायचे, डबा रांगेत ठेवायचे आणि हात पाठीमागे बांधून गिरणीसमोर उभे राहायचे. त्यांचा नंबर यायचा आणि निघून जायचा. मागचे लोक आपापले डबे पुढे सरकवायचे. गिरणीवाला ओरडायचा, "सर, तुमचा डबा!" सर त्याला हातानंच गप्प करायचे. शेवटी गिरणी बंद व्हायची आणि सर भुवयांवर पीठ घेऊन, डब्यातले गहू जसेच्या तसे घेऊन घरी परतायचे.

दळण सुटलं तरी सरांचं गिरणीत जाऊन उभं राहणं सुटलं नव्हतं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथंच, वाशीमच्या आमच्या वस्तीतल्या गिरणीत. माझा दहावीचा निकाल लागला होता आणि पुढं काय करायचं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी ज्वारीची पिशवी घेऊन उभी होते. शेजारच्या या पांढऱ्या भुवयांच्या माणसानं माझ्याकडे न बघताच विचारलं, "काय आयकू येऊन राह्यलं तुले?"

"गिरणी," मी म्हटलं.

"ते तं बहिऱ्यालेबी समजते. गिरणीच्या मधात काय आयकू येते?"

मला रागच आला. पण ऐकलं, आणि रागातच बोलले, "पट्ट्याले टाका मारेल हाय. टाका चाकावर आला का फट्‌ वाजते." सरांनी पहिल्यांदा मान वळवली. मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "उद्या बापाले घेऊन आयटीआयत ये." माझ्या आयुष्याचा निर्णय हा असा पिठाच्या धुराळ्यात झाला. तिथं सरांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, आणि कोणी त्यावरून खुसपट काढलं की सर म्हणायचे, "तिले कान हायेत. तुमाले नुसत्या मिशा हायेत."

सरांचा आवाज सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण हे सगळं लिहिणं त्या आवाजापायीच आहे. खर्जातला, भरलेला, घाई नसलेला. वर्कशॉपच्या एका टोकाला ते हळू बोलले तरी दुसऱ्या टोकाला मुलाच्या हातातली सोल्डरिंगची कांडी थांबायची. वस्तीत लग्न असो की कोणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन, बुद्धवंदना घ्यायला सरच लागायचे. त्यांनी त्रिसरण सुरू केलं की लहान पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. बायका म्हणायच्या, इंगोले सरांनी लावलेलं लग्न मोडत नाही. हे खरं नव्हतं, एकदोन मोडली होती. पण म्हणायच्या.

आणि असा आवाज असलेल्या माणसाला वेड कसलं, तर यंत्रांच्या गाण्याचं. तरुणपणी सर नागपूरला शिकत असताना त्यांना फुटपाथवरच्या जुन्या कॅसेटच्या ढिगात एक कॅसेट सापडली. वर चार गोरे पुरुष. एकसारखे कपडे, एकसारखे भांग, नाकावर माशी बसली तरी हलणार नाहीत असे उभे. जर्मनीतली मंडळी होती ती. सगळं संगीत विजेच्या यंत्रांतून काढणाऱ्या जगातल्या पहिल्यावहिल्या लोकांपैकी. पण हे सरांना तेव्हा कुठलं माहीत! त्यांनी कॅसेट खोलीवर आणून लावली. ढोलकी नाही, पेटी नाही, तोच तोच ठेका, आणि गाणारा माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. सरांना वाटलं, टेप अडकली. त्यांनी टेपरेकॉर्डर उघडला, हेड स्पिरिटनं पुसलं, रबरी पट्टा बदलला. तरी तेच. मग कॅसेटचे स्क्रू काढून आतली पट्टी पेन्सिलीनं गुंडाळून बघितली. तरी तेच. "मंग मले समजलं," सर सांगायचे, "का बिघाड टेपमधी नाई, माह्या कानात हाय. ते लोकं तसंच वाजवून राह्यले होते. मुद्दाम."

त्या मंडळाच्या नावाचा अर्थ वीजघर, हे त्यांनी पुढं कधीतरी जर्मन शब्दकोशात शोधून काढलं आणि आमच्या ऑर्केस्ट्राचं बारसं तिथंच झालं: पॉवर हाऊस, वाशीम. चौघं आम्ही. मधात सर, त्यांच्या डाव्या हाताला मी, उजव्या हाताला शेलूबाजारचा गजानन, जो दिवसा मोटरपंपांचे सुटे भाग विकायचा, आणि टोकाला अशफाक, ज्याच्याइतका ठेक्याचा पक्का माणूस मी पाहिला नाही. चौघांना एकाच ताग्यातले राखाडी शर्ट. जयंतीच्या दिवसांत गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम असतात, तिथं आम्ही ही आमची यंत्रं घेऊन जायचो. नावामुळे गावातले लोक आम्हाला वीज खात्याचे समजायचे. साऊंड लावत असतानाच कोणीतरी येऊन विचारायचं, "भाऊ, थ्री फेज कवा येते?" गजानन अगदी गंभीर चेहऱ्यानं एक वेळ सांगून टाकायचा आणि तो माणूस समाधानानं जायचा.

सरांचा नियम एकच होता. "हालाचं नाई. सूर हालन, लोकं हालतीन, तुमी नाई." समोर मांडवात पोरं नाचताहेत, बायका टाळ्या वाजवताहेत, आणि मंचावर आम्ही चौघं मुंडक्यापासून टाचेपर्यंत ताठ. माझी आई पहिला कार्यक्रम बघून म्हणाली, "तुमचं काय भांडन झालं होतं का गं?" सर मात्र खूश. ते म्हणायचे, "त्या जर्मनवाल्यायनं रस्त्यावरच्या मोटारीचं गानं केलं, रेल्वेचं केलं, सायकलीचं केलं. आपल्याकडे काय कमी हाय? हडंबा हाय, मोटरपंप हाय, एसटी हाय." हडंबा म्हणजे सोयाबीन काढायचं मळणीयंत्र. रिठदच्या एका शेतात त्यांनी हडंब्याचा आवाज टिपून आणला होता आणि त्यावर असं गाणं बांधलं होतं, की ते लागलं की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून उठायच्या.

या यंत्रांपायी आमच्यावर एकदा चांगलीच वेळ आली. आमच्याकडे रीत अशी आहे, की गाणं आवडलं की माणूस नोट घेऊन मंचावर चढतो. त्याबरोबर गाणं थांबतं. गायक माइकवर देणाऱ्याचं नाव मानानं पुकारतो, त्याला फर्माइश विचारतो आणि मग धृपदापासून पुन्हा उचलतो. ढोलकी-पेटीला यात काहीच अडचण नसते. पण आमचा ठेका यंत्रात आधीच भरलेला. तो मधात थांबवला तर पुन्हा अगदी पहिल्यापासूनच सुरू होतो. रिसोडकडच्या एका गावी तिथले जुने सरपंच नोट घेऊन चढले. हात पुढं केला. यंत्र चालूच. सर समोर बघताहेत, हालायचं नाही ना! सरपंचांचा हात तसाच हवेत. मांडवातून शिट्ट्या सुरू झाल्या. म्हाताऱ्याच्या कानशिलाच्या शिरा फुगलेल्या मला दिसत होत्या आणि मी जागची हलू शकत नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर आमचा टेम्पो, छोटा हाथी, गावाबाहेर निघालाच नाही. पुढं माणसं आडवी उभी राहिली. "आमच्या मानसाचा अपमान करता काय? खाली उतरा." अशफाकनं आतून दाराची कडी लावली. सरांनी ती काढली, खाली उतरले आणि सरळ सरपंचांपुढं जाऊन हात जोडले. "बाबा, अपमान नाई केला. थांबवलं असतं तं गानं मेलं असतं. तुमी गान्यासाठीच आल्ते ना वर?" सरपंचांनी त्यांना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "आवाज चांगला हाय तुहा. अक्कल नाई." गाडी सुटली. तेव्हापासून आमच्या पत्रकावर खाली छापलं जाऊ लागलं: पॉवर हाऊसचे गाणे मधात थांबत नाही, नावे अगोदर द्यावी. सरांनी तो शब्द पाळला. आमदाराच्या माणसासाठी थांबले नाहीत, स्वतःच्या सासऱ्यासाठी थांबले नाहीत.

हल्ली जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, गणपतीत ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर लावून डीजे वाजतो. छातीत धडधडतं, खिडक्यांच्या काचा थरथरतात. आमच्या वयाचे लोक नाकं मुरडतात. सर चौकात थांबून ऐकायचे आणि म्हणायचे, "हे सगळे त्या चौघायचे नातू. नातवायले माहीत नाई आजा कोन होता. नसू दे, नाक तेच हाय." त्या चौघांतला मूळचा एक जण वारल्याची बातमी मोबाइलवर आली, तेव्हा सरांनी ती जुनी कॅसेट काढून लावली. संध्याकाळी म्हणाले, "गेला तो. पन कार्यक्रम चालूच हाय म्हंतात. त्याच्या जागी दुसरा उभा राह्यला." हे त्यांना बरं वाटलं होतं की वाईट, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

सरांची सगळी हौस एका यंत्रात अडकली होती. त्या कॅसेटमधला माणूस डब्यातून बोलल्यासारखा गायचा, ते यंत्र. सर त्याला आवाजाची पेटी म्हणायचे. तयार मिळते ती, पण सरांना स्वतः बनवायची होती. घराच्या मागच्या खोलीत वर्षानुवर्षं तो खटाटोप चालला होता. माइकमधून शब्द जायचे, कीबोर्डमधून सूर जायचे, आणि दोन्ही मिळून बाहेर यंत्राच्या तोंडून गाणं यायला हवं होतं. यायचा तो म्हशीचा हंबरडा. निर्मलाकाकू, म्हणजे सरांची बायको, स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुमची म्हैस व्याली का नाई अजून?" आणि शेवटी एका मार्चमध्ये म्हैस व्याली. पेटी बोलली. सरांचे शब्द, सरांचीच लय, पण आवाज असा, की विजेच्या तारा गाताहेत. सरांनी आम्हा तिघांना पेढे खाऊ घातले आणि घसा खाकरत म्हणाले, "यंदाच्या जयंतीले हेच."

घसा ते कित्येक महिने खाकरतच होते. गळा बसलाय, धूळ आहे, ऊन आहे, असं ते सांगायचे आणि आम्ही मानायचो. एप्रिल लागला तेव्हा निर्मलाकाकूनं मला भाजीबाजारात गाठलं. तिनं माझं मनगट पकडून मला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं.

"सुजाता, तुह्या सराले कॅन्सर हाय. गळ्यात."

मी भाजीची पिशवी पायरीवर ठेवली.

"अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, आवाजाचं यंत्रच पुरं काढा लागते. काढलं तं मानूस वाचते. तारीख देल्ली, यायनं पुढं ढकलली. दुसरी देल्ली, तेबी ढकलली. म्हंतात, जयंती होऊ दे. आता डॉक्टर म्हंतो, श्वासाच्या नळीकडे सरकून राह्यलं. रात्री श्वास घेतात तं शिट्टी वाजते व पोरी. मी उठून बसून राह्यते." ती रडत नव्हती. माझं मनगट मात्र दुखेपर्यंत दाबलं होतं. "तू बोल. तुह्यं आयकतात ते."

माझं ते कधी ऐकत नव्हते, पण मी गेले. सर मागच्या खोलीत पेटीचं झाकण उघडून बसले होते. मी काकूचं नाव घेतल्याबरोबर समजले.

"सर, काहून थांबून राह्यले तुमी?"

त्यांनी पेटीकडे बोट केलं. "दोन वायरी जातात हिच्यात. एक कीबोर्डाची, एक माइकची. माइकची काढ बरं." मी काढली. त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. काही वाजलं नाही. "समजलं? माह्या गळ्यातून शब्द नाई गेला तं हे मुकी. एवढे वर्षं लागले हिले बोलाले. आता हे बोलून राह्यली अन्‌ मीच मुका होऊ?"

"आवाजापेक्षा जीव मोठा हाय, सर."

"कोनाले? तुले हाय, निर्मलाले हाय. मले माहीत नाई अजून." आणि मग अगदी खाली, खरखरत, "लोकं वंदनेले बोलावतात मले. उद्या कोन बोलावनार? भिंतीले टेकून बसनार मी, सगळ्यायचं बोलनं आयकत?"

उत्तर सुचलं नाही की मी भांडते, तशी भांडले. म्हटलं, तुम्ही हट्टी आहात, स्वार्थी आहात, काकूच्या जिवाला घोर लावलाय, मी काही तुमच्या कार्यक्रमाला येणार नाही. सर शांतपणे म्हणाले, "नोको येऊ. तुह्या भागाचं मशीनमधी भरून टाकतो." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं! मी गेले, अर्थातच गेले. तो कार्यक्रम शेलूबाजारच्या अलीकडच्या एका गावात होता. डॉक्टरनं दिलेली तिसरी तारीख दुसऱ्या दिवसाची होती, आणि तीही टाळायचं सरांनी ठरवून टाकलं होतं, कारण त्या दिवशी आणखी एका गावाला त्यांनी होकार दिला होता.

विहारासमोर मांडव होता. दिवेलागणीलासुद्धा उन्हाची धग जमिनीतून वर येत होती. निर्मलाकाकू कधी कार्यक्रमाला यायची नाही. त्या दिवशी आली आणि बायकांत पुढच्या सतरंजीवर बसली. पहिली दोन गाणी गजाननच्या आवाजात झाली. तिसरं सरांचं. आवाजाची पेटी सुरू झाली आणि मांडवातली कुजबूज एकदम थांबली. असला आवाज त्या गावानं कधी ऐकला नव्हता. माणसाचा आणि विजेचा, दोन्ही मिळून. समोर एक पोरगं आईला बिलगलेलं मला दिसलं.

पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात सरांचा श्वास अडकला. पेटीतून शब्दाऐवजी नुसती एक घरघर बाहेर आली. लोकांना वाटलं, गाण्याचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या दिल्या. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होते. सरांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या, राखाडी शर्ट छातीवर घामानं काळा पडला होता आणि ओठांचा रंग गेला होता. तरी माणूस हलेना. पुढची ओळ त्यांनी कुठून तरी ओढून काढली. अशफाक माझ्याकडे बघत होता. त्याच्या पायाशीच मेन स्विच होता. त्याची नजर विचारत होती, मी बंद करू का? मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना.

तेवढ्यात निर्मलाकाकू उठली. बटव्यातून तिनं एक नोट काढली, पदर डोक्यावर सारखा केला आणि बाजूच्या पायऱ्यांनी मंचावर चढली. बायकांत हशा पिकला: घरचीच बाई नवऱ्याला बक्षीस देते! काकू सरांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि नोट धरलेला हात पुढं केला. ठेका चालूच होता. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा समोर नेली. पॉवर हाऊसचं गाणं मधात थांबत नाही. तिला ते आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पत्रकं तिनंच वर्षानुवर्षं घड्या घालून दिली होती.

ती हलली नाही. शब्द बंद झाले होते. सरांच्यानं गाववत नव्हतं. पण यंत्रात भरलेला ठेका फिरून फिरून तिथंच येत होता आणि बाई हात पुढं करून उभीच होती. नवरा ताठ आणि बायको त्याच्याहून ताठ. हशा विरला. मांडवात काहीतरी बिनसलंय हे लोकांना कळलं. मागचे लोक उभे राहून बघू लागले. माझी बोटं कीबोर्डवर ओली झाली होती आणि मनात मी एकच म्हणत होते, सर, बघा तिच्याकडे, एकदा बघा.

सरांचा हात सावकाश खाली आला आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

इतकी शांतता झाली, की मांडवामागचं जनरेटर ऐकू येऊ लागलं. आता रीत होती ती पाळणं भाग होतं. सरांनी माइक हातात घेतला. आवाज म्हणजे नुसती खरखर. "निर्मला इंगोले, वाशीम, यायच्याकडून..." पुढं बोलवेना. मग म्हणाले, "बोला. फर्माइश काय?"

काकूनं माइक आपल्याकडे ओढला. "फर्माइश एकच. उद्या सकाळच्या गाडीनं अकोल्याले चाला. गळ्याचं ऑपरेशन करा." तिनं नोट आणखी पुढं केली. "आवाज जाते, जाऊ द्या. मले गानं नोको. मले तुमी पायजे. सगळ्या गावासमोर मांगून राह्यली, आता नाई म्हना."

समोरच्या बायकांतून एक म्हातारी मोठ्यानं बोलली, "जाय ना बापू! बाई मांगून राह्यली ना!" मग दुसरी बोलली, मग मागून पुरुष बोलू लागले. सरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मान खाली घातली. माझ्या इतक्या वर्षांच्या ओळखीत मंचावर त्यांची मान पहिल्यांदा खाली गेली. माइकवर एकच शब्द आला, "मंजूर."

टाळ्या वाजल्या, बायका डोळे पुसू लागल्या. काकू म्हणाली, "आता तेवढं गानं पुरं करा." पण मधातून उचलता येत नाही, ते पहिल्यापासूनच घ्यावं लागतं. सरांनी पहिल्यापासून घेतलं. अडखळत, थांबत, जमेल तसं, पण शेवटपर्यंत. काकू तोवर मंचावरच उभी होती, नोट हातात तशीच, कारण ती घ्यायचं आमच्यापैकी कोणाला सुचलंच नव्हतं.

ऑपरेशन झालं. सर वाचले. आवाज गेला. गळ्याला समोर श्वासासाठी भोक ठेवलं होतं, त्यावर ते पांढरा रुमाल बांधायचे. सुरुवातीचे महिने वाईट गेले. सर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. कोणी वंदनेला बोलवायला आलं तर काकू दारातूनच परत पाठवायची. आम्ही तिघं जायचो आणि चहा पिऊन यायचो. मग दवाखान्यातून त्यांना एक यंत्र मिळालं. टॉर्चएवढं, गळ्याला बाहेरून लावायचं. बटण दाबलं की ते गुणगुणतं, आणि माणसानं ओठ हलवले की त्या गुणगुणण्याचे शब्द होतात. सरांनी ते लावलं आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "हॅलो. पॉवर हाऊस." सपाट, एका सुरातला, विजेचा आवाज. हुबेहूब कॅसेटमधला! अशफाक हसता हसता रडायला लागला. सर म्हणाले, "रडते काहून? जर्मनवाल्यायले हेच्यासाठी किती खटाटोप करा लागला. मले दवाखान्यात भेटलं."

त्यानंतर माणूस उठला. त्या यंत्रानं त्यांनी पोरांना शिकवलं, रिक्षावाल्याशी भाव केला, वस्तीतल्या एका लग्नात वंदनाही घेतली. लहान मुलं आधी घाबरली, मग रांग लावून म्हणाली, सर, माझं नाव घ्या ना. आम्ही पुन्हा कार्यक्रम केले. लोक लांबून सरांना ऐकायला यायचे. मला वाटायचं, या माणसानं जन्मभर यंत्र व्हायचं म्हटलं होतं, झाला एकदाचा.

पण माझं चुकत होतं. एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले तर दोघं ओसरीत बसले होते. काकू तूर निवडत होती. सर नुसते ओठ हलवत होते. यंत्र बाजूला खाटेवर पडलं होतं. आवाज अजिबात नाही. आणि काकू मोठ्यानं उत्तरं देत होती. "आता कुठं पिकलं ते... नाई, पुढच्या हप्त्यात जाऊ... तुमाले काय समजते त्यातलं?" मी थक्क झाले. नंतर काकूला एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, "माह्याशी कधीच नाई बोलत त्या मशीननं. पह्यल्या दिवशी लावलं, माह्या तोंडाकडे पाह्यलं अन्‌ काढून ठेवलं. मंग मीच शिकली त्यायचे ओठ वाचाले."

पुढं दुखणं फुप्फुसांत उतरलं. यावेळी तारखा द्यायला डॉक्टरकडे काही नव्हतं. वाशीमच्या दवाखान्यातल्या त्या शेवटच्या सकाळी आम्ही तिघं होतो आणि काकू होती. सरांनी डोळे उघडले आणि ओठ हलवले. मला वाटलं, त्यांना बोलायचं आहे. मी उशीजवळचं यंत्र उचलून त्यांच्या गळ्याला लावायला गेले. त्यांनी हातानं ते बाजूला केलं. ताकद नव्हती, तरी केलं. मग मान काकूकडे वळवली.

काकू त्यांच्या चेहऱ्यावर वाकली. खोलीत आम्हाला ऐकू येत होती ती फक्त तिची बाजू.

"हो," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नाई, तसं काई नाई. आवाज नाई म्हून कमी, असं कधीच नाई वाटलं मले."

सरांचे ओठ पुन्हा हलले, बराच वेळ. तिनं त्यांच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"मीबी," ती म्हणाली.